दोन जुन्या फोनांसाठी एक फाईल

पेडगाव, ६ नोव्हेंबर

बिरदेव,

ॲप तुझ्या वडिलांच्या फोनवर उघडलं आणि लगेच बंद पडलं. हे मला त्यांनीच, खुद्द माणिकमामांनी सांगितलं, तेही आमच्या अंगणात उभं राहून. कातरणीच्या तकरारीनंतर ते आमच्या दारात पहिल्यांदाच आले. चहाला नको म्हणाले, पण पाणी प्यायले. आईच्या मते पाणी प्यायलं की भांडण निम्मं संपतं. आबांच्या मते त्यांना तहान लागली होती.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा ई-मेल. पत्ता तुझ्या आईनं दिला. ती माझी आत्या आहे, तिच्याकडं एवढं मागायला मी लाजत नाही. आणि बोलण्यापेक्षा लिहिणं बरं. मधेच कुणी फोन ठेवून देत नाही.

तुला घरून काय कळलंय ठाऊक नाही, म्हणून आमच्या बाजूची हकीकत लिहिते. उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्ही कळपांची कातरणी एकाच जागी झाली. लोकरीबरोबर पाठीवरचा खुणेचा रंगही गेला आणि शेवटी एक मेंढी अशी उरली, जिच्या कानाची खूण बाभळीच्या काट्यात फाटून गेलेली. आबा म्हणाले, माझी. माणिकमामा म्हणाले, माझी. संध्याकाळी ती आमच्या कळपामागं चालत आली आणि आमच्याकडंच राहिली. तेव्हापासून दाजी-मेव्हण्यांचं बोलणं बंद. तुझं-माझंही तेव्हापासूनच.

आता नवीन काय ते. पोखर्णीच्या बन्सीधरकाकांचं सोयाबीन निघालंय. गहू पेरायच्या आधी त्यांना रानात मेंढरं बसवायची आहेत, खतासाठी. रान मोठं आहे, एका कळपानं भागणार नाही. दोघं मिळून येणार असाल तर या, नाहीतर मी सेलूकडच्या मंडळींना सांगतो, असं त्यांनी कळवलंय. यंदा आबांना एकट्यानं निघणं जमणार नाही. आईचा गुडघा तू बघितलायस. राखण, बिऱ्हाड, पाणी, सगळं एका माणसावर येतं. तू पुण्याला गेल्यापासून माणिकमामांचीही तीच गत आहे. एकत्र गेले तर दोघांचाही हिवाळा नीट जाईल, नाहीतर दोघांनाही कळप कमी करावा लागेल. हे दोघांना कळतं. तरी आधी मेंढीचा फैसला, मग पुढचं, असं दोघंही म्हणतात.

म्हणून मी म्हटलं, आपलं ॲप आहे की. कॉलेजात असताना आपण दोन्ही कळपांतल्या एकेका मेंढीचे तोंडाचे फोटो घेतले होते, त्या कातरणीच्या कितीतरी आधी. कातरलं तरी तोंड बदलत नाही. मेंढीसमोर फोन धरला की कुणाची ते सांगतो, रानात रेंज नसली तरी. माझ्या फोनवर ते नीट चालतं. मी तसं सांगितलं तर माणिकमामा म्हणाले, "तुझ्या फोनात तुझ्या बापाचीच मेंढी निघंल. माझ्या फोनात दाखीव, मंग बोल." आबांचंही तेच. तो फोन तुम्हा दोघांच्या करणीचा, त्यात बिरदेवनं काय घालून ठेवलंय कुणाला ठाऊक, मला माझ्या फोनवर बघू दे, असं ते म्हणाले.

म्हणजे ॲप दोघांच्या फोनवर चाललं पाहिजे. आणि त्यांचे फोन तुला माहीतच आहेत. सेलूच्या बाजारात एकाच दिवशी घेतलेले, एकसारखे, आणि आता एकसारखेच म्हातारे.

अडलंय कुठं ते मला कळलंय. मेंढीचं तोंड ओळखणारा भाग तू लिहिलास आणि जाताना मला त्याच्या तयार लायब्ररीची फाईल दिलीस, कोड दिला नाहीस. प्रोजेक्टमध्ये प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला वेगळं फोल्डर लागतं. नव्या, चौसष्ट बिटच्या फोनांच्या फोल्डरात तू दिलेलं सगळं आहे. जुन्या, बत्तीस बिटच्या फोल्डरात काहीच नाही. तिथं ठेवायची फाईल बनवणं माझ्या हातात नाही. तू मला दळलेलं पीठ दिलंस. त्याची भाकरी होते, पेरणी होत नाही. बी तुझ्याकडं आहे.

तेवढी बत्तीस बिटची फाईल बनवून पाठव. मेंढी कुणाची निघते याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

दीपिका


पेडगाव, १० नोव्हेंबर

बिरदेव,

तुझं उत्तर आलं नाही. आत्या म्हणते तू कामात आहेस. आत्या तुझ्याबद्दल नेहमीच चांगलं बोलते, त्यामुळं तिच्या सांगण्यावरून काही कळत नाही.

शनिवारी मी एक उद्योग केला. तुझीच चौसष्ट बिटची फाईल उचलली आणि जुन्या फोनांच्या फोल्डरात तिची नक्कल ठेवली. ॲप कुरकुर न करता तयार झालं. मला एवढा आनंद झाला की मी आबांना सांगितलं, जमलं. आबांनी आत्याला फोन केला, आत्यानं माणिकमामांना पाठवलं, आणि पाण्याच्या हौदापाशी दोघं आपापले फोन घेऊन उभे राहिले. एकमेकांकडं पाठ करून. मी दोन्ही फोनांवर ॲप टाकलं. दोघांनी एकदमच उघडलं आणि ते दोघांचंही एकदमच बंद पडलं.

या दोघांचं एकमत झालेलं मी सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. माणिकमामा म्हणाले, "पोरगी शिकली, पण शिकवणारे कोण होते?" आबांनी मान डोलावली. मग आपण डोलावली हे लक्षात आल्यावर थांबवली.

माझी चूक कुठं झाली सांगते, हसू नकोस. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचं आणि मेलेल्याच्या आईपुढं सोडायचं, हे आपण लहानपणापासून बघतो. मेंढी वास घेते आणि पाजायला लागते. मला वाटलं, फोनही फोल्डरचं नाव वाचेल आणि आतली फाईल आपली मानेल. फोननं नाव वाचलंच, पण फाईल आतून उघडून पाहिली आणि लिहून ठेवलं की ही चौसष्टची आहे, मला बत्तीसची पाहिजे. कॉम्प्युटर शिकलेली दुसरी कुणी ही चूक करणार नाही, ती धनगराच्या पोरीनंच करावी.

हे सगळं मी चुलीपुढं बसून आईला सांगितलं. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मेंढीला पान्हा आलेला असतो, म्हणून ती फसती. फोनाला कुठला पान्हा?"

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालास की कोड तुझ्या हाती दिला तर तू तो तुझ्या मामांच्या, म्हणजे आबांच्या बाजूनं फिरवशील. म्हणून तू फक्त तयार लायब्ररी ठेवून गेलास, जिच्यात मला बोटही घालता येत नाही. मला ते फार लागलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी कोड माझ्याकडं असता तर मी काय केलं असतं, हे मलाही छातीठोक सांगता येत नाही. आबा दोन दिवस जेवले नव्हते.

मागच्या पत्रात लिहिलं की मेंढी कुणाची निघते याच्याशी मला देणंघेणं नाही. आहे. दसऱ्याच्या आधी मी एकटी मेंढरामागं होते तेव्हा त्या मेंढीसमोर माझा फोन धरला होता. विश्वास बसेना म्हणून सावलीत नेऊन परत धरला. ॲप प्रत्येक वेळी एकच नाव सांगतं. माणिकराव.

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आबांना सांगितलं तर लेकीनं बापाला खोटं पाडलं असं होईल, आणि ते ऐकणारही नाहीत. माणिकमामांना सांगितलं तर रायभानच्या लेकीनंच कबुली दिली असं पेडगावभर होईल, मग आबा या जन्मी त्यांच्याबरोबर रानात जाणार नाहीत. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या हातानं पाहिलं तरच ते मान्य करतील. माणसापुढं हरायला आबांना जमत नाही. फोनापुढं जमेल असं वाटतं.

तेव्हा मी तुझ्याकडं फाईल मागतेय ती आमच्या कळपातली मेंढी घालवण्यासाठी. बन्सीधरकाकांनी गव्हाचं बियाणं आणून ठेवलंय. येत्या रविवारपर्यंत थांबतो, म्हणाले.

आता तरी पाठवशील का?

दीपिका


पेडगाव, ११ नोव्हेंबर

बिरदेव,

फाईल मिळाली. सोबत एकही शब्द नाही. निदान 'कशी आहेस' एवढं लिहायला प्रोसेसर कुठला हे बघावं लागत नाही.

फाईल जागेवर ठेवली आणि आबांचा फोन मागून घेतला. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. पण कारण बदललंय. आता फोन म्हणतो की ही फाईल माझी आहे, चालेल, पण तिला आणखी एक लायब्ररी सोबत लागते आणि ती इथं नाही. मी चौसष्टच्या फोल्डरात जाऊन पाहिलं तर तिथं पहिल्यापासून दोन फाईली आहेत. दुसरीकडं मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तुझी फाईल एकटी कामाला बसत नाही. सोबत पाहिजे, पण सोबत पाहिजे हे सांगायचं नाही, घरच्यांनी ओळखायचं. कुणाच्या घराण्याचा गुण आहे ते मी लिहीत नाही, कारण दोन्ही घराणी माझीच आहेत.

ती दुसरी फाईलही पाठव.

दीपिका


पेडगाव, ११ नोव्हेंबर, संध्याकाळ

आली. आणि सोबत वाक्यही आलं: 'दोन्ही एकाच वेळी बनवल्या आहेत, कॉलेजातल्या जुन्या प्रोजेक्टमधली उचलून मिसळू नकोस.' या वर्षात तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. गोड नाही, पण उपयोगाचं आहे. मी खरंच जुनी उचलायच्या बेतात होते.

मी हसत होते म्हणून आईनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, लायब्ररी आली. ती म्हणाली, "लायब्ररी आली म्हणून कुणी हसतं व्हय? बिरदेवचं पत्र आलं म्हण की." मग आत्याच्या घरात भाची सून म्हणून जाण्याची जुनी रीत तिला आठवली आणि ती चुलीकडं बघून बराच वेळ काहीबाही बोलत राहिली. तिकडं मी लक्ष दिलं नाही. तूही देऊ नकोस.

आबांच्या फोनवर ॲप उघडलंय. उघडलेलंच आहे. आमच्या कोंबडीसमोर धरलं तर म्हणालं, ही मेंढी ओळखीची नाही. आबांनी ते तीन शेजाऱ्यांना दाखवलं.

रविवारी सकाळी आबा आणि माणिकमामा दोघांनाही हौदापाशी यायला सांगितलंय. मेंढीपुढं फोन धरायचा तो दाजींसमोरच, आधी नाही, असं आबाच म्हणाले.

दीपिका


पेडगाव, १६ नोव्हेंबर

बिरदेव,

आत्यानं तुला फोनवर निकाल सांगितला असेल. पण ती मेंढीच्या मागच्या बाजूला उभी होती, त्यामुळं तिला सगळं दिसलं नाही.

आधी कुणाचा फोन, यावर अर्धा तास गेला. आबा म्हणाले, दाजी मानाचे, त्यांनी आधी धरावा. माणिकमामा म्हणाले, मेंढी तुझ्या दावणीची, तू आधी धर. दोघं एवढ्या अदबीनं भांडत होते की आत्या शेवटी म्हणाली, "दोघं मिळून धरा की, का आणखी एक मेंढी आणू?"

मग दोघं खाली बसले. मी मेंढीची मान धरली, आईनं मूठभर सोयाबीनचा भुसा दाखवला, आणि दोन फोन तिच्या तोंडापुढं आले. जुने फोन आहेत, वेळ लागला. मेंढीनं मधल्या वेळात माणिकमामांच्या उपरण्याचं टोक चघळलं. ते त्यांनी सोडवून घेतलं नाही, हे मी पाहिलं.

दोन्ही फोनांवर नाव आलं. आबांना वाचता येतं, तरी त्यांनी फोन माझ्याकडं केला. मी मोठ्यानं वाचलं नाही. त्यांनी परत आपल्याकडं घेतला, फडक्यानं पुसला आणि मेंढीसमोर दुसऱ्यांदा धरला. तेच नाव.

बिरदेव, तेवढ्या वेळात मला वाटलं की आपण हे ॲप केलंच नसतं तर बरं होतं. आई माझ्याकडं बघतही नव्हती. तिला शेवटपर्यंत खात्री होती की मेंढी आमची आहे. तोंडावरून ओळखली म्हणत होती.

मग आबा म्हणाले, "माझ्याच फोनानं माझ्याशी बेइमानी केली."

माणिकमामांनी उपरणं झटकलं. आणि म्हणाले, "फोन इमानदार हाय, रायभान. ज्याच्या हातात हाय तो बी हाय. दुसरा असता तर फोन हौदात पडला म्हणून सांगितलं असतं."

आबांनी हौदाकडं पाहिलं. मला वाटतं, तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. ते हसले, मग माणिकमामा हसले, आणि आई म्हणाली की दोघांचे फोन जुने हायत, पोखर्णीत परत एकदा बघू. तिचं समाधान झालेलं नाही.

आता तुला आत्यानं सांगितलं नसेल ते. आबांनी मेंढीला माणिकमामांच्या कळपाकडं वळवलं. ती दहा-बारा पावलं गेली आणि थांबली. इकडून कोकरू ओरडायला लागलं. दसऱ्यानंतर ती आमच्याकडंच व्यायलीय, आणि मेंढीच्या नादात कोकराचा विचार कुणी केलाच नव्हता. माणिकमामा मला म्हणाले, याच्यापुढं फोन धर. मी सांगितलं की याचा जुना फोटोच नाही, तर फोन सांगणार काय. ते म्हणाले, मग माझ्यापुरतं मी सांगतो. कोकरू रायभानच्या दारात झालं, रायभाननं जपलं, ते त्याचं. आबा म्हणाले, मेंढी तुमची तर कोकरू तुमचंच. पुन्हा तीच अदब सुरू झाली. या वेळी दोघंही आपलं नको म्हणत होते. शेवटी ठरलं ते असं: मेंढी माणिकमामांची, कोकरू आबांचं. पण कोकरू अजून अंगावर पितंय. म्हणजे त्याचं दूध सुटेपर्यंत एक कळप इकडं आणि दुसरा तिकडं, असं करता येत नाही.

बन्सीधरकाकांना आबांनी तिथूनच फोन लावला. काका म्हणाले, या, पण एकदाचे या.

घरी येताना आबा माझ्याबरोबर मागं राहिले. त्यांनी विचारलं, "तुला आधी ठाव होतं काय गं?" मी हो म्हटलं. बांध संपेपर्यंत ते काठीनं गवत बाजूला सारत चालले. मग म्हणाले, "बरं झालं बोलली न्हाईस. तुझं ऐकलं नसतं मी. आन् मंग तुझ्यावर बी रुसाय लागलं असतं."

तुझं पत्र दुपारी पाहिलं. चार ओळी. मी मोजल्या नाहीत, त्या दिसतातच. मामा, म्हणजे आबा, अजून रागावलेत का, असं तू विचारलंस. आबांनी ॲपबद्दल गावात सांगितलंय की हे आमच्या पोरांनी केलंय. पोरीनं नाही म्हणाले, पोरांनी. यावरून तूच ठरव. गावातल्या कमलबाईच्या कळपातलेही दोन फोन माझ्याकडं येऊन पडलेत, दोन्ही जुने. एकावर चाललं, दुसऱ्यावर फोटो काळा येतो. त्याचं कारण तुझ्या भागात आहे की माझ्या, ते कळत नाही.

आणि कोड पाठवतो असं लिहिलंयस. पाठवू नकोस, घेऊन ये. आईला अजून वाटतं की त्यात कुठंतरी चूक आहे, तिला समोर बसवून समजावायला मला एकटीला जमणार नाही.

बुधवारी सकाळी दोन्ही कळप निघतील. परभणी ओलांडून शुक्रवारपर्यंत पोखर्णी गाठायची असा बेत आहे. नृसिंहाच्या देवळावरून पुढं आलास की बन्सीधरकाकांचं रान कुणीही दाखवेल. शनिवारी ये. सध्या तिथं एकच राखण, एकच चूल आणि दोन म्हातारे फोन असणार आहेत.

आबांच्या अंदाजानं कोकरू संक्रांतीपर्यंत दूध सोडेल. तोवर तरी बिऱ्हाड एकत्र. मी आईला विचारलं, त्यानंतर काय करायचं. ती म्हणाली, "तवर मेंढी परत गाभण ऱ्हाईल." माणिकमामांचा एडका मागच्या पावसाळ्यात मेला. कळपात आता आहे तो आमचा, म्हणजे पुढचं कोकरूही दोन्ही घरांचं.

दीपिका